कॉडल द्यावा की फक्त त्या जागेचा ब्लॉक? लहान मुलांच्या बेंबीखालच्या शस्त्रक्रियांसाठी

एका सकाळच्या यादीवर पाच किलोच्या बाळाचा हर्निया आहे, दोन वर्षांच्या मुलाचं न उतरलेलं वृषण आहे, एक सुंता आहे आणि एक हायपोस्पेडियास (लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला) आहे. पुष्कळ ठिकाणी या चौघांनाही भूल दिल्यावर कुशीवर वळवून कॉडल दिला जातो, म्हणजे त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) छिद्रातून कण्यातल्या एपिड्यूरल जागेत बधिर करणारं औषध. हाताला सवय असते, सामान स्वस्त असतं आणि ब्लॉक (मज्जातंतू बधिर करणं) बहुतेक वेळा लागतो. तरी गेल्या पंधरा-वीस वर्षांचं संशोधन एकत्र ठेवलं तर चौघांसाठी उत्तर एकच येत नाही. ते ठरवताना औषधाच्या नावाला महत्त्व कमी. सर्जनचा हात कुठल्या मज्जातंतूच्या हद्दीत जाणार आहे आणि तिथवर पोचायला किती मिलि लागणार, यावर बहुतेक निर्णय ठरतो.

हा आढावा सात-आठ वर्षांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २५ किलोच्या आतल्या मुलांपुरता आहे. पुढे एपिड्यूरल जागेतली चरबी घट्ट होत जाते, औषध वर कुठवर चढेल याचा भरवसा राहत नाही आणि त्रिकास्थीचं छिद्रही बोटाला नीट लागत नाही.

बारा किलोच्या मुलाचा हिशोब

वाद घालण्याआधी आकडे शेजारी शेजारी मांडलेले बरे. इलिओइंग्वायनल म्हणजे मांडीसांध्याच्या मज्जातंतूंचा ब्लॉक, पेनाइल शिश्नाच्या, आणि क्वाड्रेटस लंबोरम कंबरेतल्या त्या नावाच्या खोल स्नायूजवळचा. औषध ब्युपिव्हाकेन (बधिर करणारं), वजन १२ किलो:

| ब्लॉक | मात्रा | एकूण मि.ग्रॅ. | दर किलोला |
|---|---|---|---|
| कॉडल, बेंबीच्या पातळीपर्यंत (१ मिलि/किलो) | ०.२ टक्के, १२ मिलि | २४ | २ मि.ग्रॅ. |
| कॉडल, फक्त त्रिकास्थीचे खंड (०.५ मिलि/किलो) | ०.२५ टक्के, ६ मिलि | १५ | १.२५ मि.ग्रॅ. |
| इलिओइंग्वायनल, सोनोग्राफीखाली, एक बाजू (०.२ मिलि/किलो) | ०.२५ टक्के, २.४ मिलि | ६ | ०.५ मि.ग्रॅ. |
| पेनाइल, दोन्ही बाजू (प्रत्येकी ०.१ मिलि/किलो) | ०.२५ टक्के, २.४ मिलि | ६ | ०.५ मि.ग्रॅ. |
| क्वाड्रेटस लंबोरम, एक बाजू (०.५ मिलि/किलो) | ०.२५ टक्के, ६ मिलि | १५ | १.२५ मि.ग्रॅ. |

ब्युपिव्हाकेनची कमाल मर्यादा २.५ मि.ग्रॅ./किलो धरतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती निदान ३० टक्क्यांनी खाली आणावी. या वयात औषधाला रक्तात बांधून ठेवणारं अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन कमी असतं आणि यकृतही औषध सावकाश मोडतं. म्हणजे बाळ जितकं लहान तितकी कॉडलची मात्रा मर्यादेला खेटते किंवा ती ओलांडते, आणि इलिओइंग्वायनल किंवा पेनाइलमध्ये मात्र भरपूर वाव उरतो. शेवटी सर्जनने टाके घालताना आणखी दोन-तीन मिलि जखमेत सोडलं की कॉडलचा हिशोब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. सर्जनच्या ट्रेवरच्या सिरिंजमध्ये काय आणि किती आहे हे आधीच विचारून घ्यावं. दोघांचा मिळून हिशोब एकच.

अशीच एक चूक जुन्या सूत्रात दडलेली आहे. आर्मिटेज यांचं १९७९ चं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: त्रिकास्थीच्या खंडांसाठी ०.५, कंबर आणि छातीच्या खालच्या खंडांपर्यंत (बेंबीच्या पातळीपर्यंत) १, छातीच्या मध्यापर्यंत १.२५ मिलि/किलो. मात्र १.२५ मिलि/किलो ०.२५ टक्के औषधाचं दिलं तर ते ३.१ मि.ग्रॅ./किलो होतं. मोठा व्हॉल्यूम हवा असेल तर टक्केवारी खाली आणायलाच हवी. तेवढा व्हॉल्यूम खरोखर लागतो का हेही तपासावं. ताकासाकी यांच्या सूत्राने दर खंडाला ०.०५६ मिलि/किलो लागतात. खालून दहाव्या छातीच्या खंडापर्यंत १३ खंड होतात, म्हणजे ०.७३ मिलि/किलो. दोन सूत्रांतला फरक लहान नाही, आणि सत्य बहुधा मधे कुठंतरी आहे.

०.५ टक्क्यांच्या बाटलीतून ०.२ टक्के करायचं तर ४.८ मिलि औषध आणि ७.२ मिलि सलाईन, मिळून १२ मिलि. त्यासाठी ‘हेवी’ लिहिलेला ॲम्प्यूल फोडू नये. त्यात डेक्स्ट्रोज असतं आणि तो पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनसाठीच असतो. अनेक डोसांच्या बाटल्यांवर मिथाइलपॅराबेन (औषध टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह) लिहिलंय का तेही वाचावं. तसं असेल तर ती बाटली कॉडलला वापरू नये.

कॉडल: पद्धत आणि बिघाड

मूल डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. कंबरेच्या मागच्या दोन हाडांची टोकं आणि त्रिकास्थीचं छिद्र मिळून समभुज त्रिकोण होतो. छिद्राच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक शिंगं लागतात, ती बोटाने चाचपून मगच सुई लावावी. माकडहाडाच्या सांध्याची खाच छिद्रासारखीच लागते आणि शिकाऊ हात तिथेच फसतो. त्रिकोण पुन्हा मोजला की खात्री होते. छिद्राजवळ खोल खळगा, केसांचा झुपका किंवा लालसर डाग असेल तर कण्याची रचना सोनोग्राफीने पाहिल्याशिवाय सुई घालू नये.

२२ गेजची आखूड बेव्हलची सुई किंवा २२ गेजचा आयव्ही कॅन्युला घ्यावा. आमची पसंती कॅन्युलाला. सुई ४५ ते ६० अंशांत घालायची, पडदा फुटल्याचा ‘टप्’ जाणवला की सपाट करायची आणि दोन-तीन मिलिमीटरच पुढे न्यायची. त्यानंतर नळी आपोआप सरकली तर जागा बरोबर आहे. अडली किंवा वाकली तर ती कातडीखाली आहे. उघडी धारदार इंजेक्शनची सुई वापरली की कातडीचा बारीक तुकडा आत ढकलला जाण्याची भीती असते.

पुढे न्यायचं अंतर एवढं कमी ठेवण्यामागे कारण आहे. नवजात बाळात ड्युराची (मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाची) पिशवी त्रिकास्थीच्या तिसऱ्या-चौथ्या खंडापर्यंत येते आणि वर्षाच्या आसपास दुसऱ्या खंडाशी जाते. जरा जोर झाला तर सुई मेंदू-मज्जाद्रवात जाते, आणि तिथे १ मिलि/किलो गेलं तर पूर्ण स्पायनल होतो, म्हणजे कण्यातले सगळेच मज्जातंतू बधिर होतात. श्वास थांबतो, आणि मूल आधीच भुलीत असल्याने ते उशिरा लक्षात येतं. पाण्यासारखा द्रव दिसला तर कॉडल सोडून द्यावा. खालच्या पातळीवर पुन्हा प्रयत्न करण्याच्या मोहात पडू नये.

सिरिंज जोरात ओढून रक्त येतं का पाहणं चुकीचं. बाळाच्या शिरा मऊ असतात, त्या चिकटतात आणि रक्त येत नाही. आधी कॅन्युला नुसता उघडा ठेवावा, मग हलकेच ओढावं. टेस्ट डोस म्हणजे १:२,००,००० ॲड्रेनालिन असलेलं औषध ०.१ मिलि/किलो, म्हणजे ॲड्रेनालिन ०.५ मायक्रोग्रॅम/किलो. दीड मिनिट मॉनिटरवरून नजर हलवू नये. नाडी १० ने वाढली, वरचा रक्तदाब १५ ने वाढला किंवा ईसीजीवर टी लहर एक चतुर्थांशाने उंचावली, तर औषध रक्तात गेलं असं धरावं. लहान मुलांच्या त्रिकास्थीची हाडं कूर्चेसारखी मऊ असतात, सुई हाडाच्या आत जाऊ शकते, आणि तिथे दिलेलं औषध शिरेत दिल्याइतक्याच वेगाने पसरतं. म्हणून सगळं औषध एका दमात न देता थोडं थोडं, मधे ओढून बघत द्यावं. दुसऱ्या हाताचं बोट छिद्राच्या वरच्या कातडीवर ठेवावं. तिथे फुगवटा आला तर औषध वाया जातंय. सुई मोठ्या आतड्याच्या टोकात गेल्याची शंका आली तर ती फेकून द्यावी.

ब्लॉक लागला का हे कळायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे गुदद्वाराचा सैल झालेला स्नायू. चिरा देण्यापूर्वी तो बघण्यात अर्धं मिनिट जातं.

सोनोग्राफी असेल तर रेषीय प्रोब आडवा ठेवल्यावर दोन शिंगं बेडकाच्या डोळ्यांसारखी दिसतात. त्यांच्यामधल्या दोन आडव्या रेघांपैकी वरची पडद्याची आणि खालची हाडाची. औषध जाताना एपिड्यूरल जागा फुगताना दिसते. आपला तर आग्रह असा की सहा महिन्यांच्या आतल्या बाळात मशीन हाताशी असेल तर ते वापरावं. त्या वयातले बिघाड मिलिमीटरांचे असतात.

हर्निया

एका बाजूचा हर्निया, वय वर्षावर, आणि हातात सोनोग्राफी: इथे इलिओइंग्वायनल पुढे आहे.

पण ‘हातात सोनोग्राफी’ हे शब्द सोडून हे वाक्य वाचू नये. व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनी २००५ मध्ये शंभर मुलांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. सोनोग्राफीखाली सरासरी ०.१९ मिलि/किलो पुरलं. खुणांवरून देताना ०.३ मिलि/किलो दिलं, तरी शस्त्रक्रियेत जास्तीचं वेदनाशामक लागलेली मुलं २६ टक्के होती, सोनोग्राफीच्या गटात ४ टक्के. पुढे २००८ मध्ये त्यांनीच, खुणांवरून दिलेलं औषध नेमकं कुठं पडतं, हे सोनोग्राफीने तपासलं. ते मज्जातंतूंभोवती पडलेलं फक्त १४ टक्के मुलांत आढळलं, उरलेल्यांत शेजारच्या रचनांमध्ये. म्हणजे जुन्या अभ्यासांत कॉडलपुढे इलिओइंग्वायनल हरला असेल, तर तिथे बऱ्याचदा ब्लॉकऐवजी स्नायूतलं इंजेक्शन हरलं होतं. कॉडल जिंकला असं सांगणारं संशोधन कुठल्या वर्षीचं आणि सोनोग्राफीसह की शिवाय, हे पाहिल्याशिवाय आकडे वापरू नयेत.

खुणांवरून दिल्याचा आणखी एक तोटा म्हणजे औषध खोल फॅसियाखाली (स्नायूवरच्या पडद्याखाली) उतरून मांडीच्या फिमोरल नर्व्हपर्यंत जातं. मूल उठल्यावर मांडीतला जोर गेलेला दिसतो. सहसा तो काही तासांत परत येतो, पण घरी जायच्या मुलाला त्या दिवशी थांबावं लागतं. बाळांत पोटाचा पडदा काही मिलिमीटरांवर असतो, त्यामुळे आतड्याला सुई लागल्याचेही प्रकार नोंदले आहेत.

इलिओइंग्वायनलने हर्नियाची पिशवी ओढतानाची वेदना जात नाही, ती पोटाच्या पडद्याची असते. पिशवी ओढली की नाडी वाढते, आणि भूल उथळ असेल तर स्वरयंत्र आवळतं. ओढण्यापूर्वी सर्जनने सांगावं आणि भूलतज्ज्ञाने भूल खोल करावी. कॉडल पुरेसा वर गेला असेल तर हे टळतं.

दोन्ही बाजूंचा हर्निया किंवा अगदी लहान बाळ असेल तर आमचं मत पुन्हा कॉडलकडे झुकतं. एकाच सुईत दोन्ही बाजू होतात. २०१४ मध्ये मांडीसांध्याच्या शस्त्रक्रियांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात कॉडल दिलेल्यांना पहिल्या तासांत आणि नंतरही जास्तीचं वेदनाशामक काहीसं कमी लागलं, पण पाय लुळे राहणं आणि लघवी अडणं जास्त होतं. अंथरुणातल्या तान्ह्या बाळाला पाय जड असण्याने फारसं काही होत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ते चालत नाही. घाबरतं, उभं राहायला जातं आणि पडतं.

अकाली जन्मलेल्या बाळांचा हर्निया हा स्वतंत्र विषय आहे. तिथे तुलना संपूर्ण भूल आणि जागेपणी दिलेला स्पायनल किंवा कॉडल यांची असते. हीच तुलना करणाऱ्या ‘गॅस’ चाचणीत सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ बाळं घेतली होती. पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांचा बुद्ध्यंक जवळपास सारखा, ९९ च्या आसपास होता. म्हणजे साधारण तासाभराच्या सेव्होफ्लुरेनने (हुंगवून द्यायच्या भुलीने) बुद्धीवर मोजता येईल असा परिणाम दिसला नाही, हे आईवडिलांना खात्रीने सांगता येतं. श्वास थांबण्याचं प्रमाण एकूण सारखंच होतं, पण पहिल्या अर्ध्या तासात जागेपणीच्या गटात १ टक्का आणि भुलीच्या गटात ३ टक्के होतं. कुठलीही पद्धत घेतली तरी अशा बाळाला त्याच दिवशी घरी पाठवू नये. मॉनिटर लावून रात्रभर ठेवावं.

न उतरलेलं वृषण

इथे कॉडलची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. वृषण गर्भावस्थेत वर पोटातून खाली येतं आणि त्याच्या संवेदना दहाव्या छातीच्या खंडापर्यंत जातात. सर्जन कॉर्ड (वृषणाची दोरी) ओढतो तेव्हा इलिओइंग्वायनलचा काही उपयोग होत नाही. वृषणकोशाच्या खालच्या कातडीला प्युडेंडल या मज्जातंतूच्या फांद्या असतात, त्याही त्यात येत नाहीत.

याच शस्त्रक्रियेवर २००२ च्या एका चाचणीत ०.८ मिलि/किलो ०.२५ टक्के आणि १ मिलि/किलो ०.२ टक्के यांची तुलना झाली. दोन्हींत ब्युपिव्हाकेन सारखंच, २ मि.ग्रॅ./किलो. कॉर्ड ओढताना नाडी-रक्तदाब कमी उसळले ते पातळ पण जास्त व्हॉल्यूमच्या गटात. निवड करणाऱ्यासाठी हा अभ्यास मोलाचा आहे, कारण त्यात बदललेली गोष्ट एकच आहे. वर पोचायचं असेल तर व्हॉल्यूम वाढवा, टक्केवारी नाही.

क्वाड्रेटस लंबोरम ब्लॉकने मांडीसांधा आणि वृषणाच्या शस्त्रक्रियांत कॉडलपेक्षा जास्त वेळ आराम दिल्याचं अलीकडच्या चाचण्यांत दिसलं आहे. पण हा ब्लॉक खोल आहे, मूत्रपिंड जवळ आहे आणि सराव लागतो. रोज सोनोग्राफीवर काम करणाऱ्याने तो जरूर शिकावा. महिन्यात दोन केसेस करणाऱ्याने कॉडलच द्यावा.

सुंता

थोडक्यात: पेनाइल ब्लॉक. चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात १० चाचण्या आणि ७२१ मुलगे होते. कॉडल आणि पेनाइल यांच्यात जास्तीचं औषध लागण्यात फरक दिसला नाही, पाय लुळे राहणं मात्र कॉडलमध्ये जास्त होतं. जघनसांध्याच्या खाली, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-एक सेंटिमीटरवर, फॅसिया भेदल्याचं जाणवेपर्यंत सुई न्यायची. मधल्या रेषेत द्यायचं नाही, तिथे वरच्या बाजूच्या रक्तवाहिन्या आहेत आणि रक्त साकळतं. ॲड्रेनालिन या ब्लॉकमध्ये मुळीच नको. कपाटातल्या त्याच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांपैकी एकीत ॲड्रेनालिन असू शकतं, म्हणून औषध भरणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनी लेबल मोठ्याने वाचावं.

हायपोस्पेडियास: जिथे वाद खरा आहे

२०१२ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेतून एक चाचणी प्रसिद्ध झाली. पन्नासेक मुलांत कॉडल आणि पेनाइल ब्लॉकची तुलना होती. ब्लॉकनंतर दहा मिनिटांनी शिश्नाचं आकारमान मोजलं. कॉडल गटात ते सरासरी २७ टक्क्यांनी वाढलेलं होतं, पेनाइल गटात २.५ टक्क्यांनी. पुढे कॉडल गटात जवळपास पाचातल्या एका मुलाला मूत्रमार्गाचा फिस्टुला (लघवी गळणारं नको असलेलं छिद्र) झाला, पेनाइल गटात एकालाही नाही. वेदनाशमनही पेनाइलचंच चांगलं ठरलं.

कारण पटण्यासारखं आहे. कॉडलने सिम्पथेटिक मज्जातंतू बंद पडतात, रक्तवाहिन्या पसरतात, ऊतकं फुगतात आणि टाक्यांवर ताण येतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ३९५ केसेसच्या जुन्या नोंदींतही कॉडल आणि फिस्टुला यांचा संबंध आढळला. त्याच सुमारास कॅनडातल्या एका अभ्यासात, लघवीचं छिद्र शिश्नाच्या किती मुळाकडे आहे याचा हिशोब धरल्यावर, तो संबंध उरला नाही.

इथे नीट विचार करावा लागतो. छिद्र जितकं मुळाकडे तितकी शस्त्रक्रिया लांब, आणि तितकाच भूलतज्ज्ञ कॉडलकडे वळतो. फिस्टुलाही त्याच मुलांत जास्त होतो. जुन्या नोंदी चाळून काढलेल्या निष्कर्षात ही गाठ पूर्ण सुटत नाही. जिपमरच्या चाचणीत मुलं चिठ्ठ्या टाकून वाटली होती, त्यामुळे तिचं वजन वेगळं आहे. पण मुलं थोडी आणि केंद्र एकच. पाचात एक हा आकडा तेवढ्यावरून आपल्या रुग्णांना लावता येत नाही.

आमचा कौल असा. छिद्र टोकाकडे असेल तर पेनाइल द्यावा, कॉडलची गरजच नाही. मुळाकडे असेल तर पेनाइल अपुरा पडतो, कारण खालच्या बाजूच्या कातडीला प्युडेंडलच्या पेरिनियल फांद्या असतात. अशा वेळी प्युडेंडल ब्लॉक येत असेल तर तो आधी. २०१३ च्या एका चाचणीत त्याने हायपोस्पेडियासमध्ये कॉडलपेक्षा जास्त वेळ आराम दिला होता. तो येत नसेल तर कॉडल देणं चूक ठरत नाही, पण सर्जनशी आधी बोलून द्यावा. ज्याला फिस्टुलाची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागणार, त्याला हा निर्णय आधी माहीत असायला हवा.

कॉडल लांबवायचा असेल तर

नुसता ब्युपिव्हाकेनचा कॉडल चार-सहा तास चालतो. एडिनबरोची १९९५ ची चाचणी आजही आठवली जाते. वृषणाच्या शस्त्रक्रियेच्या ६० मुलांत ॲड्रेनालिनसह आराम ३.२ तास, क्लोनिडिन २ मायक्रोग्रॅम/किलोसह ५.८ तास, केटामिन ०.५ मि.ग्रॅ./किलोसह १२.५ तास टिकला.

हा आकडा वाचून केटामिन उचलायचा मोह होतो. पण ते केटामिन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं हवं. आपल्याकडे ट्रॉलीवर असते ती १० मिलिची, ५० मि.ग्रॅ./मिलिची बाटली अनेक डोसांसाठी असते आणि तिच्यात सहसा प्रिझर्व्हेटिव्ह असतं. ते कॉडलमध्ये घालू नये. तान्ह्या बाळात तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंही नको. उंदराच्या पिल्लांच्या मज्जारज्जूत केटामिनने पेशी मेल्याचं २०१० मध्ये दिसलं आहे.

क्लोनिडिन १ ते २ मायक्रोग्रॅम/किलो हा जास्त सुरक्षित पर्याय, पण अकाली जन्मलेल्या आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत श्वास थांबल्याचे प्रकार झाले आहेत, तिथे टाळावं. मॉर्फिन ३० ते ५० मायक्रोग्रॅम/किलो खूप वेळ चालतं, पण खाज, उलटी, लघवी अडणं आणि उशिरा मंदावणारा श्वास हेही बरोबर येतात. घरी जाणाऱ्या मुलाला नको.

एक साधा मार्ग बऱ्याचदा विसरला जातो: शिरेतून डेक्सामेथासोन ०.५ मि.ग्रॅ./किलो. कोरियातल्या २०१० च्या चाचणीत कॉडलच्या जोडीला ते दिल्यावर वृषणाच्या शस्त्रक्रियेच्या मुलांना पहिलं वेदनाशामक बरंच उशिरा लागलं. एपिड्यूरल जागेत काही नवं घालावंच लागत नाही, हा मोठा फायदा.

धोका किती

लहान चाचण्यांतून दुर्मीळ धोका कळत नाही. ५० मुलांत काही झालं नाही याचा अर्थ हजारात होणार नाही असा होत नाही. त्यासाठी नोंदवह्या पाहाव्यात. लहान मुलांच्या ब्लॉकच्या अमेरिकेतल्या ‘प्रान’ नोंदवहीतल्या १८,६५० कॉडलांत गुंतागुंत १.९ टक्के होती. त्यात बहुतेक न लागलेले ब्लॉक आणि सिरिंजमध्ये आलेलं रक्त. कायमची इजा एकालाही नाही. मात्र त्याच नोंदींत साधारण चारातल्या एका मुलाला धोकादायक ठरू शकेल इतकं औषध दिलं गेलं होतं. कॉडलचा खरा धोका सुईपेक्षा गणितात जास्त आहे. फ्रेंच भाषक देशांतल्या ३१,१३२ ब्लॉकच्या नोंदीत एकूण गुंतागुंत ०.१२ टक्के होती, पण कण्याजवळच्या ब्लॉकमध्ये ती बाकीच्यांच्या सहापट होती. दोन ब्लॉक तेवढाच आराम देत असतील तर कण्यापासून दूरचा घ्यावा, हे त्यावरून ठरतं.

भुलीतल्या मुलात बधिरीचं औषध रक्तात जास्त चढल्याची पहिली खूण झटका नसते, ईसीजीची बदललेली लय असते. त्यावरचा उतारा, म्हणजे शिरेतून द्यायचं २० टक्के लिपिड इमल्शन, ब्लॉकच्या आधी खोलीत असावं: पहिला डोस १.५ मिलि/किलो, म्हणजे १२ किलोला १८ मिलि, मग दर मिनिटाला ०.२५ मिलि/किलो. ॲड्रेनालिन लागलं तर १ मायक्रोग्रॅम/किलोच्या आतच.

चाचणी वाचताना

‘पहिलं वेदनाशामक किती तासांनी’ हा आकडा जवळपास प्रत्येक शोधनिबंधात असतो. तो वाचताना दोन्ही गटांना आधी पॅरासिटामॉल दिलं होतं का ते पाहावं. नसेल तर मिळालेला फरक आपल्याकडे दिसणार नाही, कारण आपण ते सगळ्यांनाच देतो. दुसरं, फ्लॅक मोजमाप. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत यांचे ० ते १० गुण. सेव्होफ्लुरेनमधून उठताना मूल बिथरतं, रडतं, पाय झाडतं, तेव्हा वेदना नसतानाही गुण वाढतात. शिवाय कॉडलने पाय जड झालेलं मूल पाय झाडतच नाही, म्हणजे त्या गटाचे गुण आपोआप कमी येतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासाच्या आकड्यांपेक्षा दोन ते सहा तासांचे आकडे जास्त बोलके. तिसरं, कॉडलमध्ये क्लोनिडिन आणि समोरच्या ब्लॉकमध्ये नुसतं ब्युपिव्हाकेन, अशी तुलना असेल तर ती ब्लॉकची नाहीच, क्लोनिडिनची आहे.

युरोप आणि अमेरिकेच्या रीजनल भूलशास्त्र संघटनांनी २०१८ मध्ये लहान मुलांसाठी मात्रांच्या शिफारशी काढल्या, तेव्हा मात्रांविषयी भक्कम पुरावा अजून नाही असं त्यांनीच लिहिलं आहे. १ मिलि/किलो हा वापरातून आलेला आकडा आहे, कमाल मर्यादा मात्र पाळायचीच.

घरी जाताना

सकाळी ९ ला दिलेला कॉडल दुपारी १ ते ३ च्या दरम्यान उतरतो, बहुधा मूल घरी जायला निघालेलं असतं तेव्हाच. पहिलं पॅरासिटामॉल १५ मि.ग्रॅ./किलो शस्त्रक्रियेतच द्यावं आणि पुढचा डोस सहा तासांनी, मूल रडायची वाट न पाहता. इबुप्रोफेन चालत असेल तर १० मि.ग्रॅ./किलो मधल्या वेळेत. आईच्या हातात कागद द्यावा, त्यावर औषधांच्या वेळा, बाटलीची मात्रा मिलिमध्ये, आणि ‘पायात पूर्ण जोर येईपर्यंत उभं करू नका’. लघवी झाल्याशिवाय सोडायचं नाही असा हट्ट मोठ्या मुलाबाबत धरावा. लंगोटातल्या बाळाच्या आईला लंगोट ओला कधी झाला हे लिहून ठेवायला सांगावं, आणि आठ तास कोरडा राहिला तर फोन कुठल्या नंबरवर करायचा तेही त्याच कागदावर.